मिलिंदचं मस्कतचं कार्ड

"ताई, तुम्हीच नको म्हणालात ना? म्हणून हे डॉक्टरकडे गेलेच नाहीत."

सुजाताचा फोन आला तेव्हा मी उल्हासनगरला, कॅम्प तीनच्या ऑफिसात, एका दुकानदाराचा फॉर्म भरत होते. खालच्या मजल्यावर जीन्स शिवायच्या मशिनी दिवसभर चालू असतात. मी फोन घेऊन जिन्यात आले आणि विचारलं, "कुठे गेले नाहीत? मी काय म्हणाले?"

"अंगठा काळा पडलाय त्यांचा. आज फोटो पाठवला. अकरा दिवस झाले म्हणतात. ताईंनी क्लेम नको सांगितलं म्हणून रूमवरच पट्टी करत होते."

मी आरोग्यविम्याची एजंट आहे. राहते बदलापूरला, कात्रपमध्ये. सुजाताचा नवरा मिलिंद माझा जुना क्लायंट. अंबरनाथच्या एमआयडीसीत फिटर होता, वर्षभरापूर्वी मस्कतला एका कंपनीत गेला. त्याला डायबिटीस आहे. डायबिटीसवाल्याच्या पायाला जखम झाली की ती लवकर भरत नाही, हे मी लोकांना पॉलिसी विकताना रोज सांगते. अगदी पाठ झालंय मला ते.

आणखी एक गोष्ट मी रोज सांगते. आपल्याकडच्या पॉलिसीत वर्षभर क्लेम केला नाही की विम्याची रक्कम थोडी वाढते. त्याला नो क्लेम बोनस म्हणतात. छोटा क्लेम करून तो घालवू नका, मोठ्या आजारपणाला उपयोगी पडेल, हे माझं ठरलेलं प्रवचन. तसंही साध्या ड्रेसिंगला इथली पॉलिसी बहुतेक लागू होत नाही, ॲडमिट व्हावं लागतं. मिलिंदने हे प्रवचन सगळ्यांत मनावर घेतलं होतं. दरवर्षी रिन्यूअलचा कागद आला की फोन करायचा. "जय भीम ताई. यंदा पण क्लेम नाही. वाढला ना बोनस?" शाळेत पहिला नंबर आल्यासारखा खूश व्हायचा. मलाही त्याचं कौतुक होतं. नव्या क्लायंटना मी त्याचं उदाहरण द्यायचे.

जिन्यातच व्हॉट्सॲप उघडलं. अकरा दिवसांपूर्वीची त्याची व्हॉइस नोट होती, एक मिनिट बारा सेकंदांची. खाली माझं उत्तर: "छोट्या जखमेला क्लेम नको. बोनस जाईल." पुढे हात जोडल्याची खूण.

मार्च महिना होता. रिन्यूअलची झुंबड. मी नोटचा सुरुवातीचा तुकडा ऐकला होता, "ताई, बुटाने अंगठ्याला घासलंय, जखम झालीय, क्लेम केला तर बोनस जाईल ना?" एवढाच. व्हॉट्सॲपला त्याने नंबर इथलाच ठेवला होता, त्यामुळे तो सुट्टीवर घरी आलाय असंच मी धरलं. आता पहिल्यांदा पुढचं ऐकलं. "म्हणजे इथलं कार्ड ताई, कंपनीने दिलंय ते. अजून एकदाही वापरलं नाही."

कंपनीच्या त्या कार्डाला बोनस वगैरे काही नसतो. तिथे साधा ताप आला तरी डॉक्टरकडे जायचं, कार्ड दाखवायचं, बिलातला छोटासा हिस्सा आपण द्यायचा, बाकीचं कंपनी बघते. वापरण्यासाठीच दिलेलं असतं ते.

त्याला फोन लावला.

"मिलिंद, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा."

"ताई, आज शुक्रवार. इथे सुट्टी असते. रविवारी सुपरवायझरला विचारून..."

"कुणाला विचारू नकोस. इमर्जन्सी चालू असते. कार्डचे दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठव. रूमवर कुणी आहे का सोबत यायला?"

"आहे एक केरळचा. पण ताई, बोनस?"

"तिथे बोनस नसतो रे!" मी ओरडलेच.

तो म्हणाला, "असं होय. मला माहीतच नव्हतं."

माझ्या बाजूच्या टेबलावर हरेशभाई बसतात. माझ्याआधीपासून या धंद्यात आहेत. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बेटा, अभी रोना नहीं. कार्डच्या मागे नंबर असेल, त्यांना फोन लाव. अप्रूव्हलमध्ये टाइम नको जायला." ऑपरेशनला विमा कंपनीची आधी मंजुरी लागते. तिला प्री-ॲप्रूव्हल म्हणतात. आपल्याकडे ती मिळवताना एजंटच्या चपला झिजतात. तिथे मी एक फोन केला, तर तिथल्या विमा कंपनीची बाई इंग्रजीत म्हणाली, पेशंट पोचला आहे, मंजुरी दिली आहे, काळजी करू नका.

इतका सरळ क्लेम मी या धंद्यात कधी पाहिला नाही. एक कागद परत आला नाही, एक प्रश्न आला नाही. आधी दोन बोटं काढली. विष वर चढलं होतं. चौथ्या दिवशी गुडघ्याखाली पाय काढला. सगळं मंजूर.

सुजाता माझ्यावर एकदाही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पाय काढला त्या दिवशी मी अंबरनाथला तिच्या घरी जाऊन बसले. तिने चहा केला. फ्रिजवर चुंबकाखाली मागच्या रिन्यूअलचा कागद लावलेला होता, बोनसच्या आकड्याखाली पेनाने रेघ.

फिटरला शिडी चढावी लागते. कंपनीने हिशेब करून त्याला परत पाठवलं. व्हिसा संपला तसं कार्डही संपलं. तो आल्यावर भेटायला गेले. दाराशी खुर्चीत बसला होता, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. मी माफी मागितली. नीट मागता आली नाही, मध्येच रडू आलं.

"ताई, तुमची काय चूक," तो म्हणाला. "माझंच चुकलं. मेसेज लांबच झाला होता जरा."

मग त्याने पाकिटातून ते कार्ड काढून दाखवलं. कोरं करकरीत. एकदाच वापरलेलं.

तेव्हापासून कानाला खडा लावलाय. परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी आधी सांगते, इथले विम्याचे नियम विमानतळावरच सोडा. पोचल्यावर पहिल्या आठवड्यात कार्ड घेऊन कुठल्याही कारणाने डॉक्टरकडे जा. काहीच होत नसेल तर बीपी तपासून घ्या. एकदा दवाखान्यातला केस पेपर निघाला, वाट माहीत झाली, की पुढच्या वेळी भीती वाटत नाही. कार्डचा फोटो घरी पाठवून ठेवा. काही जण हसतात. तब्येत ठणठणीत असताना कशाला, विचारतात. मी वाद घालत नाही, पेपरचा फोटो येईपर्यंत रोज मेसेज करते. आणि बोनसचं प्रवचन आता कुणालाच देत नाही.

ती व्हॉइस नोट मी डिलीट केलेली नाही. तिचा शेवट मी सुजाताला कधी ऐकवलेला नाही. शेवटी मिलिंद म्हणतो, "मार्च आहे ताई, तुम्ही गडबडीत असाल. घाई नाही, सवडीने सांगा. तोवर मी थांबतो."

मी दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं.