जावयाने टाकलेली व्हर्जन

अड्याळच्या आमच्या टायपिंग क्लासात सहा म्हातारी कॉम्प्युटर मशीन होती. दुसरं काही त्यांना झेपत नव्हतं म्हणून मी त्यांच्यावर लिनक्स नावाची हलकी सिस्टीम टाकली होती. नवी व्हर्जन कधी येणार विचारलं, की बनवणाऱ्यांचं एकच उत्तर, तयार झाली की येईल. दीड वर्ष झालं तरी तयार होईना. मीही त्यांना शिव्या घालायचो, पण जुनीवर काम चालत होतं.

क्लास चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांना मात्र दम निघत नव्हता. "हलकी म्हनता न, मंग हलक्या धानावानी लवकर काहून येत नाही?" असं चारचौघांत विचारून ते स्वतःच हसायचे. हलकं धान म्हणजे आमच्याकडे लवकर पिकणारा भात. या माणसाला धानापलीकडे काही कळत नाही, आणि धानही नीट कळत नाही.

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, दिवशी त्यांचा जावई नागपूरहून आला. मंडईला आलेल्या जावयाला आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. त्याने नव्या व्हर्जनची चाचणीची प्रत आणली होती आणि सासऱ्यांना करामत दाखवायची होती. दुसऱ्याच दिवशी त्या मशीनवर एका पतसंस्थेच्या नोकरीची टायपिंग परीक्षा होती. जागा एकच. गोसीखुर्द धरणाच्या पुनर्वसन गावातली एक सून त्या जागेसाठी दोन वर्षं आमच्या क्लासात झटत होती. तिचा हात सगळ्यांत चांगला होता.

"जावईबापू, ही व्हर्जन अर्धी कच्ची आहे, आज हात नका लावू," मी म्हणालो.

"पाव्हन्याले शिकवून राहिला का तू?" अध्यक्ष डाफरले.

सहाही मशीनवरची जुनी व्हर्जन पुसून नवी टाकली गेली. माझी जुनी व्हर्जन ज्या पेनड्राइव्हमध्ये होती, तोही त्या शहाण्याने त्यासाठीच पुसून वापरला. मग सगळे मंडईतलं लोकनाट्य, दंडार, बघायला गेले.

सकाळी सहाही पडदे काळे. जुनी उतरवून घ्यावी, तर मंडईच्या अजून न ओसरलेल्या गर्दीने नेट मेलेलं. पतसंस्थेवाल्यांनी परीक्षा त्याच दुपारी तालुक्याला, पवनीला हलवली. त्या सुनेला घरून परवानगी अड्याळपर्यंतचीच होती. तिने सासऱ्यांना फोन केला, दोन मिनिटं ऐकलं आणि पिशवी उचलून परत गेली. जावई तेव्हा अध्यक्षांकडे मटण खात होता. मला आजही त्याचं तोंड बघवत नाही.

चार महिन्यांनी खरी व्हर्जन आली. मशीन झकास चालू लागली, तसा मी तिला सांगायला गेलो. ती उन्हाळी धानाच्या बांधीत निंदत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"तुमी मशीनसाठी दीड-दोन वर्स थांबले, सर," ती म्हणाली, "माह्यासाठी कोनी एक दिवस नाही थांबलं."