रुमालाखालचा सूर

सुगंधाच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं अख्खी कॉलनी म्हणायची. म्हणेना का! तिच्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही भडकला असता.

अडुसष्ट साल. तिचा नवरा मारुती तारापूरला, अणुवीज केंद्राच्या बांधकामावर फिटर. दोघं सोलापूरकडची. मारुतीने हौसेने हवाईयन गिटार आणली, चार दिवस टणटण केली आणि कपाटावर टाकून दिली. सुगंधाने ती उतरवून मांडीवर आडवी घेतली, ती घेतलीच. रविवारी उमरोळीचे चिंतू मास्तर सायकलवरून शिकवायला यायचे. डाव्या हातातली लोखंडी कांडी तारांवर कशी सरकवायची, उजव्या हाताने कसं छेडायचं, सगळं त्यांनी दाखवलं. एक सोडून.

गाणं संपता संपता मास्तर देवळातल्या घंटेसारखा एक सूर काढायचे. याला हार्मोनिक म्हणतात, एवढंच सांगायचे आणि तो काढताना हातावर रुमाल टाकायचे. शिकवायला आलेला माणूस, आणि शिकणारीसमोर रुमाल! सुगंधाने विचारलं तर म्हणाले, बायकांच्या हाताला ते जमत नाही, आणि आधी त्या बांगड्या काढा, किणकिण होते. नवरा धडधाकट असताना बाईने हात मोकळे करायचे? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. मास्तरांच्या पुढ्यात चहाचा कप तिने आपटूनच ठेवला.

मग ती एकटीच तारांशी भांडत बसली. बोटाने तार दाबावी तर आवाज बसका. आणखी दाबावी तर बोटाला चिरा. गणपतीत साधंच काहीतरी वाजव की, असं मारुती म्हणाला, तर त्याच्यावरही खेकसली. तिला तोच सूर हवा होता, आणि तोही चारचौघांत.

एके दुपारी वैतागून तिने कांडी भिरकावली. डावा हात तारांवर तसाच लोंबत राहिला आणि उजव्याने तिने रागारागाने तार छेडली. लख्ख घंटा वाजली. पाहते तर हिरवी बांगडी घसरून तारेच्या बरोबर मध्यावर आली होती, नुसती शिवत होती. मेल्याने एवढंसंच लपवलं होतं! तार दाबायचीच नाही. शिवायचं, छेडायचं आणि लगेच हात उचलायचा. पुढे तिने बोटाने तसं करून पाहिलं. जमलं, पण मास्तर आठवले की बोट जड व्हायचं आणि सूर मरायचा. म्हणून वाजवताना तिने राग बाजूला ठेवायचं शिकून घेतलं. टाकून मात्र दिला नाही.

कॉलनीच्या गणपतीत ती वाजवायला बसली तेव्हा मास्तर पहिल्या रांगेत होते. शेवटाला तिने दम घेतला, बोट हलकेच टेकवलं, उचललं. मांडवभर घंटा घुमली. टाळ्या थांबायच्या आत मास्तर माईकपाशी आले. हा सूर आपण मोठ्या मेहनतीने हिच्या हातात बसवला, असं त्यांनी खुशाल सांगितलं.

सुगंधाचं डोकंच फिरलं. ती गिटार उचलून स्टेजच्या कडेला येऊन बसली आणि म्हणाली, "पोरींनो, पुढं या. माझ्या हाताकडं बघा."

परकरी पोरी भोवती गोळा झाल्या. तिने मध्यावर बोट टेकवलं, तार छेडली, बोट उचललं. पुन्हा केलं. मग गिटार सरकवून एकेकीला करायला लावलं. आधी थपथप झालं, मग कुणाची तरी घंटा वाजलीच. मास्तर रुमालाने मान पुसत तिथेच उभे होते.

"काकू, बांगड्या काढायच्या का?" एकीने विचारलं.

मास्तरांकडे बघत सुगंधा म्हणाली, "काढायच्या नाहीत."