पिवळं ते पिवळंच राहिलं

डॉक्टरबाईंनी छोटी बाटली उजेडात धरली. आतला पिवळा थर गडद गुलाबी झाला होता. "बाबा, हा तुमचा आजार," त्या म्हणाल्या.

माझ्या बाबांनी बाटली निरखून पाहिली. गिरणीच्या रंगखात्यात जन्म गेलेला माणूस. म्हणाले, "रंग मात्र चांगलो धरलो."

बाई हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तेव्हा गिरण्यांचा संप होऊन पंधरा-एक वर्षं झाली होती. लालबागच्या आमच्या चाळीत पोटात आग पडणं हा आजार मानलाच जात नसे. संपात उपाशीपोटी कोरा चहा ढोसला, त्याचं पित्त, असं सगळे म्हणत. बाबाही तेच म्हणत आणि सोडा पीत. रिकाम्या पोटी कळ यायची, दोन घास खाल्ले की थांबायची. मग शौचाला डांबरासारखं काळं व्हायला लागलं. हे त्यांनी लपवलं. एक दिवस जिन्यातच चक्कर येऊन बसले, तेव्हा कळलं.

घरातली पहिली पदवीधर मी, बी. कॉम. परळच्या सरकारी रुग्णालयातले कागद मीच वाचले, आणि मला ते कळत होते याचा अभिमान आजही आहे. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून दुर्बिणीची नळी घालून जठर बघणं. बायोप्सी म्हणजे तिथला कणभर तुकडा काढून तपासणं. बाबांना अल्सर होता, म्हणजे आतड्याच्या तोंडाशी जखम, आणि तिच्यातून रक्त झिरपत होतं. जखमेमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. काढलेल्या तुकड्यात तो असला की बाटलीतला पिवळा थर गुलाबी होतो.

ओळीत दिवसभर ताटकळलेल्या माणसालाही बाई स्टुलावर बसवून समजावत. मला म्हणाल्या, "चहानं, काळजीनं त्रास वाढला असेल. पण मूळ हा जंतू आहे, आणि तो मरतो. मात्र जखम पुन्हा वाहिली तर जिवावर बेतेल."

दोन आठवड्यांचा कोर्स दिला. दोन अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारणारी औषधं, आणि आम्ल कमी करणारी एक गोळी. तोंड कडू व्हायचं, तरी आठवड्यात कळ गेली. बाबा बांगड्याचं तिखलं मागायला लागले.

गोळ्या संपल्यावर महिनाभर थांबून पुन्हा तपासणी केली. बाटली पुन्हा गुलाबी.

"सगळ्या गोळ्या घेतल्यात?" बाईंनी विचारलं. बाबा छताकडे बघू लागले. मग सांगितलं. बरं वाटल्यावर उरलेल्या गोळ्या त्यांनी धोंडूकाकांना दिल्या होत्या. काका रंगखात्यातलेच, आमच्या समोरच्या खोलीत राहणारे, आणि त्यांच्याही पोटात तीच आग.

मी तिथेच तापले. बाबा शांतपणे म्हणाले, "संपात तेच्या गावच्या तांदळावर जगलंव आमी. आता गोळ्यो आपल्यापुरत्योच ठेवू?"

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाबा, अर्ध्या औषधानं जंतू मरत नाही, शहाणा होतो. तुमचाही झाला, मित्राचाही होईल. उद्या त्यांना घेऊन या."

धोंडूकाका आले, नळीला घाबरून आधी बाबांना यथेच्छ शिव्या घातल्या, मग निमूट आडवे झाले. त्यांचीही बाटली गुलाबी झाली. जुन्या औषधांना जंतू आता दाद देणार नाही, म्हणून या वेळी औषधं बदलून दिली. दोघांना समोर उभं करून बाई म्हणाल्या, "एकमेकांच्या गोळ्या खायच्या नाहीत. एकमेकांना खायला लावायच्या."

ते त्यांना बरोबर पटलं. जेवण झालं की काका गॅलरीतून ओरडत, "मेल्या, घेतलंस काय?" मग दोघे समोरासमोर उभे राहून गोळी तोंडात टाकत आणि तोंड उघडून दाखवत. अख्खी चाळ हसायची. पण एकही गोळी चुकली नाही.

तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं सोडा पीत असेल, तर त्याला पित्त म्हणून सोडून देऊ नका. तपासून घ्या. आणि बरं वाटलं तरी कोर्स पुरा करा.

शेवटच्या तपासणीला बाईंनी दोन्ही बाटल्या आमच्यासमोर ठेवल्या. आम्ही तिघं बराच वेळ टक लावून बसलो. पिवळं ते पिवळंच. गिरणीत कापडानं रंग धरला नाही म्हणून मुकादमाच्या शिव्या खाल्लेली ती दोन माणसं. धोंडूकाकांनी बाबांच्या पाठीत धपाटा घातला. बाबांनी बाईंना हात जोडले आणि म्हणाले, "बाय, रंग धरूक नाय म्हणान पयल्यांदाच बरा वाटला."