घोड्याच्या केसांची टोपी

स्टुटगार्टच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये दर उन्हाळ्यात विविधतेचा उत्सव होतो. सगळ्यांनी आपापल्या देशाचा पोशाख घालून यायचं, संचालकांनी सलोख्यावर बोलायचं, मग सॉसेज खायचे. संचालक पार उत्तरेच्या हॅम्बुर्गकडचे, त्या दिवशी ते दक्षिणेतली बव्हेरियन चामडी चड्डी घालतात.

माझ्या टेबलावर एक चिनी आणि एक कोरियन सहकारी होते. दोघं एकाच टेस्ट बेंचवर काम करत, एकमेकांच्या डब्यात हात घालत. कोरियनाचा करार संपत आला होता. सोमवारी मुदतवाढीवर सही झाली नाही, तर बायको-मुलीसह त्याला बिऱ्हाड गुंडाळावं लागणार होतं.

तो आला तो लांब झगा आणि आजोबांची घोड्याच्या केसांची काळी टोपी घालून. मला सत्कारातली पुणेरी पगडी आठवली, पण मी बोललो नाही. चिनी बोलला. पोटात बिअर होती.

"नाटक किती वाजता आहे?"

मी ह्या विषयावर थोडंफार वाचलं होतं, म्हणून माझा घास तोंडातच राहिला. सतराव्या शतकात उत्तरेकडच्या मांचूंनी चीन जिंकला तेव्हा पुरुषांना कपाळ भादरून वेणी ठेवायची सक्ती झाली; जो नाही म्हणाला त्याचं डोकं उडवलं. जुने झगे उरले ते नटांच्या अंगावर. कोरियाच्या राजाचे दूत मात्र तेच झगे घालून बीजिंगला नजराणे नेत आणि मनात म्हणत, खरी सभ्यता आता आमच्याकडे, हे सगळे रानटी. रस्त्यावरचे चिनी त्यांना पाहून हसत, नाटकवाले आले म्हणत.

कोरियन शांतपणे म्हणाला, "तुम्ही डोकी भादरून घ्यायला रांगेत उभे होतात."

चिन्याने टोपी हिसकली. काठ फाटला. पुढच्या क्षणी बाटली त्याच्या गालावर फुटली, हाड दिसलं, बटाट्याच्या सॅलडात रक्त पडलं. मी कोरियनाला कमरेला धरलं, त्याचं कोपर माझ्या नाकावर बसलं. संचालक माइकवर 'संस्कृतींमधले पूल' इथवर पोचले होते.

पोलीस आले. त्यांतल्या एका बाईंनी चिन्याला विचारलं, कोणी मारलं? आता सोमवारची सही त्याच्या तोंडात होती. गालावर टॉवेल दाबून त्याने कोरियनाकडे पाहिलं.

"कोणी नाही. तो माझा धाकटा भाऊ आहे. घरातली गोष्ट आहे. धाकट्याचं काय मनावर घ्यायचं?"

मी सुटकेचा श्वास घेतला आणि कोरियनाचा चेहरा पाहिला. चिनी दरबार शेकडो वर्षं त्याच्या देशाकडे थोरल्या भावाच्या ह्याच मायेने पाहत आला होता. त्याने फाटकी टोपी नीट टेबलावर ठेवली आणि चिन्याच्या छातीत लाथ घातली. खुर्चीसकट तो मागे कोसळला, डोकं फरशीवर आपटलं. ह्या वेळी साक्षीदार पोलीसच होते.

सोमवारी सही झाली नाही. सामान बांधायला मी गेलो, तेव्हा कोरियनाने विचारलं, तो कसा आहे? टाके पडलेत, पण बरा आहे, मी सांगितलं. खोक्याला चिकटपट्टी लावत तो म्हणाला, "त्याला सांग, वयाने मी मोठा आहे."