चिंधी बांधलेला वाल

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे आधीच सांगून टाकते, कारण लोक विचारायला विसरतात. मी प्रयोगशाळेत वालाच्या मुळांतलं एक प्रोटीन तपासते. मुळांवर मिरीएवढ्या गाठी असतात, त्यांत जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला पुरवतात. झाड फुलावर आहे तोवर गाठ आतून गुलाबी. शेंगा भरल्या की ती हिरवट पडते, आणि माझं प्रोटीन संपतं.

मागच्या वर्षी मला उशीर झाला, सगळ्या गाठी हिरव्या निघाल्या. मार्गदर्शक बाईंनी स्वच्छ सांगितलं, यंदा गुलाबी गाठी नाहीत तर प्रबंध नाही. म्हणून या खेपेला कशेळ्याजवळच्या आमच्याच शेतात, जायला सोपी म्हणून बांधालगतची बारा झाडं धरली आणि ओळखायला लाल चिंध्या बांधून गेले. शेतकऱ्याची पोर, पण अक्कल बघा! आमच्याकडे चिंधी बांधलेलं झाड बियाण्याला राखलेलं. त्याची शेंगही कुणी तोडत नाही.

फुलं आली तशी बर्फाची पेटी घेऊन आले, तर बाबा आडवे आले.

"उपटायची? डोकं फिरलंय का गं तुझं? बियाण्याची झाडं हायत ती!"

"बाबा, ती माझ्या प्रयोगाची आहेत. नोंदी त्यांच्याच आहेत, दुसरी चालायची नाहीत."

"आख्ख्या आळीला सांगून बसलोय मी, पोरीनं नुस्त्या नजरेनं निवडलीत म्हणून. चार घरांनी बी मागून ठेवलंय!"

माझ्या शिक्षणाचा उपयोग बाबांनी पहिल्यांदाच आळीला पटवून दिला होता, आणि मी तोच उपटायला निघाले होते.

शेजारच्या ओळीतून आई म्हणाली, "अवो, चिंध्या सोडा नि दुसऱ्या झाडांना बांधा."

"लोकांना फसवू?"

"फसवताय कशाला? पोरगी हितंच हाय. पुन्ना निवडंल."

मग मी विद्वान चेहरा करून निवडायला निघाले. पहिल्या झाडाशी थांबले. बाबा खोकले. दुसऱ्याशी थांबले. पुन्हा खोकला. चौथ्याशी खोकला आला नाही, तिथे चिंधी बांधली. अशी बारा झाली. कॉलेजच्या तोंडी परीक्षेत मला एवढी मदत कुणी केली नव्हती.

जुनी झाडं मात्र बाबांनी मला उपटू दिली नाहीत. "तू मुळी तोडशील," म्हणत स्वतःच मातीच्या ढेकळासकट काढून दिली. मी एक गाठ ब्लेडने चिरून दाखवली, आत गुलाबी होती.

"रगत हाय?"

"रक्तात असतं तसंच प्रोटीन आहे, बाबा. जिवाणूंना हवा मोजून देतं."

बाबा बघतच राहिले. जन्मभर वाल लावला, पण गाठ कधी चिरली नव्हती. तेवढ्यात शेजारच्या काकू बांधावर आल्या.

"अगो बाय! बियाण्याची झाडं उपटलीत? मंग आमचं बी?"

"तुमचं तिकडं हाय," बाबा पापणीही न लववता म्हणाले. "तिनं पुन्ना तपासून निवडलंय. ही झाडं निराळ्या कामाची. ह्ये बघा, झाडाचं रगत!"

मी गंभीरपणे मान हलवली. अकरा झाडांच्या गाठी बर्फात गेल्या होत्या, बारावं झाड बाबांच्या हातात होतं.

"बाबा, द्या लवकर, गाठी खराब होतील."

"थांब गं, काकूंना नीट समजू दे."

आणि त्यांनी माझी आणखी एक गाठ चिरली.