हिराकाकूंचा हात

हिराकाकू पोहायला उतरताना हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढत नसत. भूगावातल्या आमच्या सोसायटीच्या तलावात दागिने घालून उतरायला बंदी होती. वॉचमनने एकदा नियमांच्या पाटीकडे बोट दाखवलं. काकू म्हणाल्या, "ती पाटी लावलीया ना, तितं माजं भाताचं खाचर हुतं. म्या दिलं म्हनून लागली." पुन्हा त्यांना कुणी अडवलं नाही. जमिनीच्या बदल्यात त्यांना दोन फ्लॅट मिळाले होते. एकात त्या राहत, दुसऱ्यात भाडेकरू म्हणून मी आणि माझी बायको मुग्धा.

मी नोकरी हिंजवडीत करतो आणि ब्रेस्टस्ट्रोक मोबाइलवर शिकलो. लग्न झाल्यापासून मुग्धाला सांगत होतो, "तुला मी शिकवीन." या जगात निदान एक बाई मला जलतरणपटू समजत होती. पहिल्याच रविवारी काकूंनी तीही पळवली.

मी प्रात्यक्षिक दाखवत होतो. हात पुढे, मग सगळा जोर लावून थेट मांडीपर्यंत मागे. कठड्यावरून आवाज आला, "सायेब, पानी हाय का वैरन? कवळा भरून मागं कशाला टाकतुयास?"

सगळे हसले. सगळ्यात जास्त मुग्धा.

मग काकू स्वतः उतरल्या. हात लांब केले, बाहेर फाकवले, कोपरं वर ठेवून पाणी छातीपुढे गोळा केलं आणि पाटल्या हनुवटीखाली टणकन वाजल्या. लगेच हात पुढे गेले आणि मागोमाग बाई, लोण्यातून सुरी जावी तशा. "वाजायचं ते हनुवटीखाली," त्या मुग्धाला म्हणाल्या. "पोटापाशी वाजलं की उशीर झाला. मग तोंड बुडतं, आन् मानूस म्हनतो पानी जड हाय."

दुसऱ्या दिवशी मुग्धा धातूच्या बांगड्या घालून हजर. माझ्याबरोबर जी कठडा सोडत नव्हती, ती महिन्याभरात काकूंच्या मागे खोल पाण्यात गेली. घरात "काकू म्हणतात" सुरू झालं. आमटीत मीठ किती, तेही काकूच म्हणत. मी काकूंच्या चुका शोधायला लागलो. त्यांचे पाय वाकडे पडतात, श्वासाचा आवाज फार होतो.

"तू जळतोस," मुग्धा म्हणाली.

"मी? त्या म्हातारीवर?"

"पाण्यात राहून जळणारा तूच पहिला!"

शेवटी एका पहाटे मुग्धाच्या बांगड्या चोरून चढवल्या आणि तलावात उतरलो. वाजल्या. पोटापाशी, मांडीपाशी, एकदा तर कानापाशी. बाहेर आलो, तर निघेनात. त्या दिवशी मीटिंगमध्ये मी लांब बाह्या ओढून बसलो, पण मला हातवारे केल्याशिवाय बोलता येत नाही. स्क्रीनवरच्या साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे आरती चालू आहे का?"

संध्याकाळी खोबरेल तेल लावून बांगड्या काढल्या त्या काकूंनीच. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "इचारायचं हुतंस की. मी काय चावतीया व्हय?"

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मुग्धा आणि मी एकाच वर्गात आलो असतो, आणि तिचा नंबर वर.

श्रावणात काकू न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला, अंथरूण धरलं. मुग्धा रोज जायची; तिथेही आपण मागे नको, म्हणून मीही. एकदा ती आत चहा टाकत होती. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सायेब, हात करून दाव."

"इथं?"

"मग काय, पलंग तलावात न्हेऊ?"

ऑफिसच्या कपड्यांत, त्यांच्या पलंगाशी उभा राहून मी हवेत हात मारले. त्या बराच वेळ बघत राहिल्या. "कोपार अजून पडतंय," म्हणाल्या. मग डोळे मिटून, "पन बरं हाय."

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. मुग्धा खूप रडली. अजूनही पोहून आली की काकूंचं काही ना काही सांगते. तिच्यापाशी त्यांचं पुष्कळ आहे.

ते "बरं हाय" मात्र मी तिला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. तेवढं माझं आहे.