मेंढरं बुजवणारी सायकल

दोष बापू मिस्त्रीचा. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गॅरेजवर गप्पा सुरू झाल्या की चहा संपेपर्यंत तो माझ्यावर आलेला असतो. वय झालेल्या माणसांचं हेच आहे. चूक करताना सगळ्यांच्या पुढे आणि कबूल करताना एकदम चष्मा शोधायला लागतात! कवठे महांकाळच्या आमच्या पत्र्याच्या शेडात एका सायकलीचेच इतके किस्से साठलेत, की बाकीच्या गाड्यांचा नंबरच लागत नाही.

सायकल माझ्या चुलत्यांची, तात्यांची. मेंढरांमागं चालून चालून त्यांचा गुडघा गेला. माझे वडील, अण्णा, म्हणाले, "आता व्यापारी बोलवतो. मेंढरं काढून टाकू." त्या दिवशी तात्या जेवले नाहीत.

मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडलेला, त्यामुळं घरात माझं मत कुणी मागत नाही. तरी मी म्हणालो, "तात्यांच्या सायकलीला इंजिन बसवतो. बसून जातील मेंढरांमागं."

अण्णा म्हणाले, "तुला कालेजात बसता आलं न्हाई, आन् त्यास्नी सायकलीवर बसवतोस व्हय?"

पण व्यापारी यायच्या आत करून दाखव, एवढं म्हणाले. तेवढं बास होतं.

* * *

इंजिन फवारणी पंपाचं, जुनं. बसवलं बापू मिस्त्रीनं. बापूंची उभी हयात माधवनगरच्या मिलमध्ये माग दुरुस्त करण्यात गेली. मिल सुटल्यावर त्यांनी हे गॅरेज टाकलं, मी त्यांच्या हाताखाली. त्यांचं एकच म्हणणं. "मशीन हाललं न्हाई पायजे!"

माग जमिनीत गाडलेला असतो, तो हलत नाही. सायकल गाडलेली नसते. हे मी सांगितलं. "तू शिकीव आता मला," म्हणाले, आणि लोखंडावर लोखंड ठेवून पाना गच्च आवळला.

तात्या पहिली चक्कर मारून आले तेव्हा घंटीची टोपी नव्हती, मडगार्डचा स्क्रू नव्हता, आणि चष्मा नाकावरून दाढीत आला होता. आम्ही धरून त्यांना बाकड्यावर बसवलं. हातात चहा दिला, तो निम्मा धोतरावर सांडला.

मी विचारलं, "तात्या, कसं वाटलं?"

तात्या हाताकडं बघत म्हणाले, "मी उतरलोय का रं?"

* * *

थरथर एकवेळ सोसली असती. खरी गोची आवाजाची होती. दुसऱ्या दिवशी तात्या ती सायकल घेऊन माळावर गेले आणि सगळी मेंढरं शेजारच्या द्राक्षबागेत घुसली. कुत्रं तर सरळ घरी आलं आणि खाटेखाली जाऊन बसलं!

अण्णांना आयतंच मिळालं. "ही सायकल कळपामागं चालणार न्हाई. व्यापाऱ्याला फोन करतो."

मी तणतणत गॅरेजवर गेलो. इंजिन चालू केलं. पत्रे थडथडायला लागले, समोरच्या हॉटेलातली माणसं उठून बाहेर आली. बापू इंजिनाला खेटून उभे. माझ्याकडं बघून ओरडले, "सुरू झालं का रं?"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मागांच्या खडखडाटात ह्या माणसाचे कान कधीच गेले होते, आणि आवाज कमी करायचं काम आम्ही त्यांनाच देणार होतो!

मी कानाशी ओरडलो, "आवं बापू, मग इंजिनातला बिघाड तुम्हाला कळतो कसा?"

त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मूठ दातांत धरली, टोक इंजिनाला टेकवलं आणि डोळे मिटले. "दातानं," म्हणाले. मला हसू आलं. पण करून बघितलं तर खरंच, आतला खडा न खडा डोक्यात वाजतो.

* * *

बापूंनी मग अक्कल चालवली. तात्यांच्या जुन्या घोंगडीचा तुकडा कापला आणि सायलेन्सरात कोंबला. "लोकरीत आवाज मुरतो."

मुरला. पाच मिनिटं. मग असा वास सुटला, की अण्णा रस्त्यापलीकडून पळत आले. "मेंढरू भाजलं का काय?"

तात्या शांतपणे म्हणाले, "न्हाई. माजी घोंगडी हाय."

* * *

हँडलमध्ये वाळू भरली की हाताला मुंग्या कमी येतात, हे मी मोबाईलवर बघितलं होतं. तात्या म्हणाले, "वाळूनं आतनं गंजंल." आणि मला न विचारता त्यांनी वाळूऐवजी जोंधळं भरलं. मुंग्या खरंच कमी झाल्या! मला राग आला, पण झाल्या.

मग त्यांनी सायकल पाण्याच्या टाकीखाली घालून चांगली धुतली. चार-पाच दिवसांनी हँडलच्या टोकातून हिरवा कोंब बाहेर. एका मेंढीनं तो खाल्ला, आणि त्याच्यासोबत रबरी मूठही खाल्ली.

अण्णा म्हणाले, "बरं झालं. पीक तरी आलं ह्या सायकलीला."

* * *

शेवटी मी बापूंना बाजूला सारलं. ट्रॅक्टरच्या टायरचे तुकडे कापून इंजिनाखाली घातले, प्रत्येक बोल्टला रबरी वायसर लावला. सायलेन्सर लांब केला, आत भोकाभोकाची नळी, भोवती भांडी घासायच्या तारेच्या घासण्या. काकूंच्या घरातल्या सगळ्या संपल्या. त्या म्हणाल्या, "आता भांडी इंजिनावरच घासून आणत जा."

बापू फुगले. "रबरावर मशीन? गादीवर निजवतोस व्हय इंजिनाला?"

मी म्हणालो, "तुमच्या लोखंडानं तात्यांचे हात मेले, बापू. गप बसा."

मोठ्या माणसाला असं बोलू नये म्हणे. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. दोन दिवसांत काम झालं.

* * *

व्यापारी आला त्या सकाळी सायकल माळावर उभी होती. इंजिन चालू, आवाज शिलाई मशीनएवढा. व्यापारी मेंढरांच्या पाठी चाचपत फिरत होता, अण्णा त्याच्या मागं. तात्या लांब दगडावर पाठ करून बसलेले.

आत कुठंतरी बारीक टिकटिक होती. मी रेस थोडी वाढवली, बापूंना क्लच दाबून धरायला सांगितलं, गुडघ्यावर बसलो आणि स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून टोक इंजिनाला लावलं.

बापूंनी हँडलवर तळवा दाबला. थरथर नाही. कानाला तर नाहीच नाही.

"बंद पडलं गड्या!" म्हणाले, आणि क्लच सोडला.

सायकल सुटली, माझ्या दातांतल्या स्क्रूड्रायव्हरला हिसका देऊन. माणसाशिवाय, सरळ कळपात घुसली आणि उतारानं मधोमध पार गेली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही. फक्त ती मूठ खाल्लेली मेंढी उठली आणि सायकलीमागं चालायला लागली. पलीकडं बाभळीला टेकून सायकल आडवी झाली, तरी इंजिन चालूच होतं.

अण्णांनी व्यापाऱ्याचा हात मेंढराच्या पाठीवरून काढला. मग त्याला म्हणाले, "चला, च्या घेऊ. मेंढरं न्हाईत इकायची."

तात्या उठले. लंगडत गेले, सायकल उभी केली, वर बसले आणि कळपामागं निघाले. एकदाही मागं बघितलं नाही.

माझा पुढचा वरचा दात गेला.